नांदगाव व्हाया कंबोडिया

समाजसेवा परदेशात जाऊन करायची की आपल्याच गावात? प्रश्न सोपा वाटतो. मलाही वाटला होता. पण फोनमधल्या एका जुन्या मेसेजनं माझी पार विकेट काढली…

माझ्या ऑफिसच्या डेस्कवर एक फोटो होता. मध्ये मी, आजूबाजूला अठरा मुलं, सगळ्यांचे दात दिसताहेत, मागे बांबूची भिंत आणि तिच्यावर आम्ही रंगवलेलं इंद्रधनुष्य. स्थळ, कंबोडियातल्या सिएम रीप शहराबाहेरची एक छोटीशी शाळा. हा फोटो मी टाकला तेव्हा दोन दिवसांत चारशेच्या वर लाइक्स आले. एका सीनियरनं तर खाली 'प्राउड ऑफ यू' लिहिलं. अप्रेझलच्या वेळी या माणसाच्या तोंडून हे शब्द कधी ऐकल्याचं मला आठवत नाही.

हल्ली तो फोटो ड्रॉवरमध्ये आहे. कंबोडियाची मला लाज वाटते, असं अजिबात नाही. पण त्या फोटोकडे बघितलं की त्याच आठवड्यात फोनवर आलेला एक मेसेज आठवतो. त्याला लाइक वगैरे काही नव्हतं. दोन निळ्या टिक होत्या, बस्स.

पण थांबा, सुरुवातीपासून सांगते.

तिशी जवळ आली की आपल्यासारख्या लोकांना एक विशिष्ट ताप येतो. मी लोअर परळला एका कंपनीत रिपोर्टिंगचं काम करते. म्हणजे दिवसभर एक्सेल. एका शीटमधला आकडा दुसऱ्या शीटमध्ये, तिथून प्रेझेंटेशनमध्ये आणि तिथून कोणाच्या तरी मीटिंगमध्ये. पगार बरा, एसी थंडगार, कॉफी फुकट. आणि तरी रविवारी संध्याकाळी पोटात खड्डा. 'आपण आयुष्यात नक्की करतोय काय?' हा प्रश्न विरारच्या गाडीत लटकताना पडत नाही, लोड नको म्हणून कॅब करायला लागलो की पडतो!

त्याच सुमारास एका मैत्रिणीनं लिंक पाठवली. दोन आठवडे कंबोडियात राहा, मुलांना इंग्रजी शिकवा, शनिवार-रविवार अंगकोर वाटची देवळं बघा. एक लाख बत्तीस हजार, विमानाचं तिकीट वेगळं. फंडा क्लिअर होता, फिरणंही होईल आणि पुण्यही लागेल. शिवाय पुढेमागे परदेशात एमबीएला अर्ज करायचा झाला तर सीव्हीवर एक झकास ओळ. खोटं कशाला बोलू? हे तिन्ही हिशेब माझ्या डोक्यात होते.

फॉर्म भरला. एक गोष्ट तेव्हाच खटकायला हवी होती. तुम्ही कधी शिकवलंय का, हा प्रश्न त्या फॉर्मवर कुठेच नव्हता. टी-शर्टचा साइझ मात्र विचारला होता.

दोन आठवड्यांच्या बाई

सिएम रीप मला पहिल्याच दिवशी ओळखीचं वाटलं. लाल माती, पाऊस, भाताच्या खाचरात वाकलेल्या बायका. आपल्याकडे माड, तिथे ताड, एवढाच काय तो फरक. सकाळी रस्त्याकडेला 'नोम बान चोक' मिळायचं. तांदळाच्या पांढऱ्या शेवया, वर माशाचा पातळ रस्सा. पहिला घास घेतला आणि डोळ्यांत पाणीच आलं. अहो, हे तर आमचे शिरवाळे! फक्त आमच्याकडे रस नारळाच्या दुधाचा आणि गुळाचा, त्यांच्याकडे तिखट-मिठाचा.

शाळेत माझ्या वाट्याला लहान मुलांचा वर्ग आला. मी मुंबईहून तयारी करून गेले होते. डोकं, खांदे, गुडघे दाखवत म्हणायचं ते इंग्रजी बालगीत आठवतंय ना? तेच सुरू केलं. पहिल्या ओळीनंतर माझ्या लक्षात आलं की मुलं माझ्या पुढे गेली आहेत. हावभावांसकट, तालासुरात, थोडी कंटाळून. माझ्या आधीच्या तुकडीनं ते शिकवलं होतं. त्यांच्या आधीच्या तुकडीनंही. एका मुलीची वही उघडली, तर पहिल्या पानावर 'माझं नाव अमुक' इंग्रजीत. सहाव्या पानावर पुन्हा तेच, तेराव्यावर पुन्हा तेच. दर दोन आठवड्यांनी नवीन ताई येणार आणि नव्यानं 'माझं नाव'पासून सुरू करणार. त्या पोरीला स्वतःचं नाव दहा वेळा सांगता येत होतं. अकरावं वाक्य कोणी शिकवलंच नव्हतं.

वर्गाच्या मागे तिथली खरी शिक्षिका उभी असायची. माझ्याच वयाची. मी फळ्याजवळ, ती भिंतीजवळ. मुलं भांडली की ती दोन शब्द बोलायची आणि वर्ग गप्प. मला ते दोन शब्दही येत नव्हते. एकदा मधल्या सुट्टीत मी तिला शिरवाळ्यांबद्दल सांगितलं. आमच्या गावातही अगदी असंच खातात म्हटलं. तिला गंमत वाटली. मग तिनं विचारलं, "तुझ्या गावातल्या मुलांना कोण शिकवतं?"

त्यात टोमणा नव्हता. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. मी म्हटलं, "शाळा आहे." विषय संपला.

एवढं मात्र प्रामाणिकपणे सांगते, ते दोन आठवडे वाईट नव्हते. मी खूप हसले. मुलांनी मला नाच शिकवला. फोनशिवाय दुपार काढायला शिकले. पण हिशेब मांडायला बसले तर घेणेकऱ्यांच्या यादीत माझंच नाव वर होतं. मुलांना काय मिळालं? एक इंद्रधनुष्य, आणि 'माझं नाव'चं आणखी एक पान.

आमच्या हॉस्टेलवर काही जण 'एक दिवस अनाथाश्रमात' असाही कार्यक्रम करून आले. माझा तो दिवस पावसात गेला म्हणून राहिला. परत आल्यावर वाचलं आणि हादरले. कंबोडियात २०११ मध्ये युनिसेफच्या मदतीनं झालेल्या अभ्यासात दिसलं होतं की अशा संस्थांमधल्या चारपैकी साधारण तीन मुलांचे आई किंवा वडील, निदान एक जण तरी, हयात आहेत. मुलं गरिबांची होती, अनाथ नव्हती. परदेशी पाहुणे येतात, देणग्या देतात, म्हणून संस्था वाढतात. आणि संस्था भरायच्या तर मुलं हवीत, म्हणून ती घरातून आणली जातात. पुढे २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियानं आधुनिक गुलामगिरीविरुद्ध कायदा करताना मुलांच्या या व्यवहाराचीही दखल घेतली. आपल्याला मिठी मारणारं पोर आपल्यासारख्यांसाठीच तिथे आणून ठेवलेलं असू शकतं, हा विचार सहन होण्यासारखा नाही.

कट टू नांदगाव

आमचं नांदगाव सिंधुदुर्गातलं, कणकवली तालुक्यातलं. सिंधुदुर्ग म्हटलं की ऑफिसात सगळे विचारतात, 'वॉव, बीचवर घर?' नाही हो! आमच्याकडे समुद्र नाही, मुंबई-गोवा हायवे आहे. तिठ्यावरून एक रस्ता देवगडला उतरतो, म्हणजे समुद्राकडे जाणारी माणसं आमच्याकडे चहा पिऊन पुढे जातात. कोकण रेल्वेचं 'नांदगाव रोड' स्टेशन आहे. दादरहून मध्यरात्री निघणारी तुतारी पकडली की सकाळी घरचा चहा.

कंबोडियाहून परतले आणि आठवड्यात गणपती आले. आम्ही चाकरमानी मंडळी दाखल. घरात माटवी बांधायचं काम सुरू होतं. दरवर्षीप्रमाणे काकी कवंडळं आणि रानातली फुलं घेऊन आली. काकी म्हणजे आमची नातेवाईक नव्हे. माझ्या जन्माच्या आधीपासून आमच्या घरी लावणीला, कापणीला, काजू वेचायला, सणासुदीला भांड्यांना येणारी बाई. नवरा गेला त्याला चार वर्षं झाली. एक मुलगी.

"कधी इलंस गो?" काकीनं विचारलं. "तुझे फोटो बघलंय मोबाइलवर. थंयच्या पोरांका शिकवलंस मां? बरा केलंस."

मी खूश. मग ती माटवीची गाठ आवळता आवळता म्हणाली, "आमच्या चेडवाचो तेवढो फॉर्म रवलो."

"कसला फॉर्म?"

"नर्सिंगचो. तुका मेसेज केल्यान होतो ना तेना. मग तेका वाटला, ताई कामात असतली."

मी परसात गेले. फोन काढला. वर, आणखी वर सरकवत नेलं. सापडला. 'ताई, कॉलेजांचा पसंतीक्रम कसा भरायचा? कुठलं आधी टाकू? शनिवारी शेवटची तारीख आहे.' खाली हात जोडलेले दोन इमोजी. आणि दोन निळ्या टिक.

मी तो मेसेज वाचला होता. कुठे वाचला तेही आठवलं. मुंबई विमानतळावर, सिक्युरिटीच्या रांगेत, हातात पासपोर्ट घेऊन. 'पोचल्यावर बघू' असं मनात म्हटलं होतं. पोचल्यावर मी इंद्रधनुष्य रंगवत बसले.

पोरीनं मग स्वतःच्या अकलेनं फॉर्म भरला. पसंतीक्रमात कॉलेजांची लांबलचक यादी देता येते. तिनं एकच कॉलेज टाकलं, जवळचं. लांबचं टाकलं आणि लागलं तर हॉस्टेल आणि फी कुठून आणायची, ही भीती. त्या एका कॉलेजची यादी तिच्या मार्कांच्या थोडी वर थांबली. पुढच्या फेरीत यादी बदलता येते हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. बारावीला विज्ञान घेऊन, सीईटी देऊन, नंबर न लागता ती आता काजूच्या कारखान्यात गर सोलायला जात होती.

आणि फीबद्दल सांगायचं तर जुलै २०२४ पासून महाराष्ट्र सरकारनं आठ लाखांच्या आत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या पात्र मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलंय. मला हे माहीत होतं. ऑफिसच्या लंच टेबलवर आम्ही त्यावर तावातावानं वादही घातला होता. ज्या पोरीच्या कामाची ही माहिती होती, तिच्यापर्यंत ती पोचली नाही, कारण ती पोचवणारी बाई विमानात बसली होती.

नीट समजावून सांगायला किती वेळ लागला असता? नंतर मी घड्याळ लावून बघितलं. चाळीस मिनिटं.

मदत की थकबाकी?

पहिली प्रतिक्रिया काय झाली माझी, सांगू? पाकिटात हात घातला. अपराधी वाटलं की आपण शहरी लोक पैसे काढतो, रिफ्लेक्सच आहे तो. पाच हजार काकीच्या हातावर ठेवायला गेले. तिनं हात मागे घेतला.

"पैशे नको गो. तू फक्त हंय बस आणि काय ता समजावन सांग."

बसले. आणि तिथेच कळलं की आपल्या गावात मदत करणं कंबोडियापेक्षा कितीतरी कठीण आहे.

तिकडे मी पाहुणी होते. मला कोणी ओळखत नव्हतं, माझ्या आजोबांना तर नाहीच. येताना फुलं, जाताना फुलं. इथे प्रत्येक दारात माझ्या आधी माझं घर पोचलेलं असतं. रात्री मी आजीची जुनी वही काढली. आजी सगळं लिहून ठेवायची. काकीच्या नावावर 'लावणी ४ दिवस', 'काजू ६ दिवस', 'म्हाळ, भांडी'. पुढच्या रकान्यात तांदूळ, एखादं जुनं लुगडं, 'सणाला नारळ २'. रुपयांचा रकाना कितीतरी ओळींत कोरा होता. मी सात वर्षांची असताना मला टायफॉइड झाला होता. रात्री उशाशी काकी बसायची, असं आई सांगते. त्या रात्री तर वहीत लिहिलेल्याच नाहीत.

म्हणजे मी जिला 'मदत' म्हणत होते, ती हिशेबानं बघितलं तर थकबाकी होती. आणि थकबाकी फेडताना उपकाराचा चेहरा करता येत नाही. गावात मदत करायला जड जातं ते यामुळे. परदेशातल्या गरिबीत आपला हात नसतो, निदान तसा दिसत तरी नाही. गावातल्या गरिबीत आपल्या घराची एक वही असते.

बाबांना वही दाखवली तर ते चिडले. "त्या वेळची पद्धतच तशी होती. आपण काय कमी केलं त्यांचं?" थोड्या वेळानं म्हणाले, "आणि एकीचं केलंस की दहा जणी येतील, मग बस!"

बाबांचं शेवटचं वाक्य खरं ठरलं. दहा नाही, सहा आल्या. कोणाचं आधारवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव जुळत नव्हतं. कोणाच्या मुलाची शिष्यवृत्ती बँक खात्याला आधार जोडलं नाही म्हणून अडकली होती. एकीला फक्त पासवर्ड सापडत नव्हता. तिठ्यावर एकानं विचारलंच, "काय, इलेक्शनला उभी राहणार की काय?"

मग सुरू झाला रजांचा खेळ. शुक्रवारची रजा, गुरुवारच्या रात्रीची तुतारी, रविवारी परत. उत्पन्नाच्या दाखल्यासाठी तलाठी, मग कणकवलीचं तहसील. एकदा सर्व्हर डाउन, एकदा लाइट गेलेली, एकदा साहेब मीटिंगला. मी एक्सेलची राणी वगैरे असेन, पण अर्जाला मी मुदत संपलेला उत्पन्नाचा दाखला जोडला आणि वर आत्मविश्वासानं 'सबमिट' दाबणार होते. चूक पोरीनं पकडली. "ताई, तारीख बघ." त्या दिवसापासून फॉर्म ती भरते, मी शेजारी बसते. आता बाकीच्या सहा जणींचंही तीच बघते. मी मुंबईहून फोनवर असते, अडलं तरच. सगळ्यात उपयोगी काम मी कोणतं केलं असेल, तर खुर्चीवरून उठले.

यात काही मी शोध लावलेला नाही. डॉ. अभय आणि राणी बंग अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्सला शिकून परत आले आणि १९८६ मध्ये गडचिरोलीत त्यांनी 'सर्च' उभी केली. तिथली नवजात बाळं वाचवण्यासाठी त्यांनी गावातल्याच बायकांना तयार केलं. त्या कामाचे निकाल १९९९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये छापून आले. बाहेरचं शिक्षण उपयोगी पडलं, पण बाळापाशी रात्री पोचणारी बाई गावातलीच होती.

बोलावणं आलं होतं का?

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे परदेशात जाऊच नये का? मुळीच नाही. मी पण काही दिवस तसंच बडबडत होते. नव्यानं शहाणं झालेलं माणस दोन महिने अगदी असह्य असतं! मग एक नाव आठवलं आणि मी गप्प झाले. डॉ. द्वारकानाथ कोटणीस.

सोलापूरचा मुलगा, मुंबईच्या जी. एस. मेडिकलचा डॉक्टर. १९३८ मध्ये जपानशी झुंजणाऱ्या चीनकडून भारताकडे डॉक्टरांची मागणी आली. काँग्रेसनं पाच डॉक्टरांचं पथक पाठवलं, त्यात हा अठ्ठावीस वर्षांचाही नव्हता. गरिबी आणि रोगराई इथे सोलापुरातही होतीच की. पण त्याला कोणी 'आधी आपलं घर बघ' म्हटलं असतं तर ते बरोबर ठरलं असतं का? त्यानं चिनी भाषा शिकून घेतली, आघाडीवर शस्त्रक्रिया केल्या, एका रुग्णालयाची जबाबदारी घेतली, तिथल्याच परिचारिकेशी लग्न केलं. बाकीचे चौघे परतले. कोटणीस डिसेंबर १९४२ मध्ये तिथेच गेले, वयाच्या ३२ व्या वर्षी. व्ही. शांतारामांनी १९४६ मध्ये त्यांच्यावर सिनेमा काढला, म्हणून आपल्याला नाव तरी माहीत.

कोटणीस आणि माझ्यात फरक फक्त दिवसांचा नाही. त्यांना बोलावलं होतं. जे हवं होतं तेच त्यांच्या हातात होतं. आणि जे येत नव्हतं, ते त्यांनी शिकून घेतलं. मला कंबोडियात कोणी बोलावलं होतं? पैसे घेणाऱ्या एजन्सीनं. आजही खरी गरज असते तिथे व्यवहार उलटा चालतो. १९७१ मध्ये सुरू झालेली 'डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स' बघा. भूलतज्ज्ञ आणि सर्जन यांना काही आठवड्यांसाठीही घेतात, बाकीच्यांना सहसा कित्येक महिने द्यावे लागतात. आधी तुमचं शिक्षण आणि अनुभव तपासतात आणि जाण्या-येण्याचा खर्च ते करतात. तुमच्या टी-शर्टच्या साइझवर गाडी अडत नाही.

आणि घराजवळ राहूनही सगळ्यांत लांबचा प्रवास करता येतो, हे दाखवणारा माणूस तर आमच्याच तालुक्यात होऊन गेला. अप्पासाहेब पटवर्धन, कोकणचे गांधी. १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात असताना मैला साफ करण्याचं काम आपल्याला करू द्या, असा आग्रह त्यांनी धरला आणि त्यासाठी अन्न सोडलं. त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधीजींनीही उपोषण सुरू केलं. पुढे १९४८ मध्ये कणकवलीजवळ वागद्याला गोपुरी आश्रम सुरू झाला. तिथे ब्राह्मण घरातल्या या उच्चशिक्षित माणसानं मेलेल्या जनावरांचं कातडं सोलण्याचं काम केलं, मैल्यापासून खत करणारे संडास उभे केले. आपल्या घरांनी पिढ्यान्‌पिढ्या ज्या माणसांकडून हे काम करून घेतलं, त्यांच्या शेजारी जाऊन ते स्वतः करायचं. हायवेवरून गोव्याला जाताना मी त्या पाटीवरून शंभर वेळा तरी गेले असेन. एकदाही उतरले नव्हते. या वेळी उतरले.

तेव्हा माझ्यापुरतं मी एवढं ठरवलंय. मुद्दा देशाचा नाहीच. कोणी मागितलंय का, आणि मागितलंय ते आपल्याला देता येतं का, हे आधी बघायचं. कंबोडियात जे कोणी मागितलं नव्हतं ते द्यायला मी पैसे भरून गेले. नांदगावात जे मागितलं होतं, ते फुकट होतं आणि फोनमध्ये पडून राहिलं.

आता शेवट गोड आहे का, विचाराल. थोडासा. यंदा पोरीनं पुन्हा सीईटी दिली. सकाळी कारखाना, रात्री अभ्यास. यादीत बारा कॉलेजं टाकली, क्रम तिनं लावला. दुसऱ्या फेरीत कोल्हापूरला नंबर लागला. फोंड्याचा घाट चढून जाणारी एसटी आहे, त्यामुळे घर फार लांब नाही. काकीला फोन केला, वाटलं रडेल, आशीर्वाद देईल. ती म्हणाली, "लागलो मां नंबर? बरा झाला. पण वरीस गेला ता गेला गो."

बरोबरच आहे. ते वर्ष माझ्या नावावर आहे, आजीच्या वहीत पुढची ओळ म्हणून. ते कोऱ्या रकान्यात राहणार.

सिएम रीपच्या त्या शिक्षिकेला मी मेल पाठवली. या वेळी विचारलं, तुम्हाला काय हवंय? चार दिवसांनी उत्तर आलं. तिला माझ्यासारखी आणखी माणसं नको होती. मुलांच्या हजेरीचा आणि मार्कांचा तक्ता आपोआप तयार होईल अशी एक एक्सेल शीट हवी होती. एक्सेल! ज्याच्यापासून पळून मी तिकडे गेले होते, तेच. शनिवारी दुपारी बसून करून दिली. तिकीट लागलं नाही, टी-शर्टही नाही.

तुम्ही पुढच्या सुट्टीत कुठेही जा. कंबोडिया, केनिया, नेपाळ, जरूर जा. फक्त विमानतळावर रांगेत उभं असताना एक काम करा. फोन काढा आणि जुने मेसेज जरा वर सरकवा. गावातल्या कोणाचा, बिल्डिंगच्या वॉचमनच्या मुलाचा, घरी कामाला येणाऱ्या मावशींचा, एखादा निळ्या टिकचा मेसेज उत्तराची वाट बघत पडलेला असेल.

बोर्डिंगला अजून चाळीस मिनिटं आहेत ना? पुरतात.